एकच द्यायचा होता तर

रविवारी दुपारी जेवणं आटोपून घर जरा आडवं झालं होतं. तेवढ्यात खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई धापा टाकत जिना चढून आली आणि दारातूनच ओरडली, "अहो, टीव्ही लावा, टीव्ही! बोट उलटली!"

कुठली बोट, असं कुणी विचारलं नाही. खाडीपलीकडच्या शहराला जाणारी मोठी बोट एकच होती, आणि या घरचे दोन्ही मुलगे त्याच बोटीनं सकाळी गेले होते.

थोरला डॉक्टर. पलीकडे त्या दिवशी त्याचा सत्कार होता. धाकटा बाजारात किल्ल्या बनवायचा, कुलपं दुरुस्त करायचा. त्याला डॉक्टरनं बरोबर नेलं होतं ते सामान उचलायला. दोन बॅगा होत्या, पुस्तकांचा खोका होता, आणि डॉक्टरचा कोट हँगरला लावून हातात धरायचा होता, चुरगळायला नको म्हणून. थोरलीला, म्हणजे डॉक्टरच्या बायकोला, बोट लागायची, म्हणून ती घरीच राहिली होती; मुलं तिच्या माहेरी होती. धाकट्याच्या बायकोला कुणी विचारलंच नव्हतं. घर डॉक्टरचं. धाकटा आणि धाकटी स्वयंपाकघरामागच्या खोलीत राहायची, आणि राहू दिलंय याची आठवण त्यांना अधूनमधून करून दिली जायची.

आई थोरल्याला 'साहेब' म्हणायची आणि धाकट्याला 'ठोंब्या'. लहानपणी लाडानं पडलेलं नाव असावं, असं धाकटीला लग्नानंतर बरेच दिवस वाटत होतं.

भिंतभर टीव्हीवर समुद्र दिसायला लागला. हेलिकॉप्टरमधून काढलेलं चित्र होतं, थरथरणारं. मधोमध बोटीचा लाल तळ वर आलेला, उलट्या पडलेल्या किड्यासारखा. भोवती ठिपके. ते ठिपके म्हणजे माणसं आहेत हे समजायला सगळ्यांना थोडा वेळ लागला. खाली पट्टीवर अक्षरं पळत होती: शेकडो बेपत्ता, देश सुन्न.

"साहेब पोहतो," आई म्हणाली. "शाळेत असताना पोहायचा. कप मिळाला होता त्याला."

"प्रश्नच नाही," वकील म्हणाला. तो डॉक्टरचा जुना दोस्त, समोरच्याच इमारतीत राहायचा, बातमी ऐकून घरच्या कपड्यांतच धावत आला होता. येताच त्यानं रिमोट हातात घेतला आणि आवाज वाढवला. "वहिनी, तुम्ही अजिबात घाबरू नका. डॉक्टर स्वतः तर बाहेर येईलच, चार जणांना घेऊन येईल. मी ओळखतो त्याला."

थोरली सोफ्याच्या कडेला नखानं शिवण उसवत बसली होती. शिंपीणबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. आईनं तिचा दुसरा हात मांडीवर घेतला होता. "सूनबाई, धीर धर हो."

धाकटी दाराशी उभी होती. बसायला जागा नव्हती.

"अगं, उभी काय राहिलीस? चहा टाक सगळ्यांना," आई म्हणाली. "आणि साहेबाच्या बायकोला आधी साखरेचं पाणी दे."

धाकटी आत गेली. गॅस पेटवताना काडी दोनदा विझली. बाहेरून आवाज येत होते. शिंपीणबाई विचारत होती, "आणि धाकटे? त्यांना येतं का हो पोहता?"

"ठोंब्याला?" आई म्हणाली. "तो बादलीला घाबरतो."

कुणीतरी हसलं. वकीलच असावा. हसू लगेच थांबलं, पण आलं होतं हे खरं.

चहा घेऊन ती बाहेर आली तेव्हा मध्येच बिस्किटांची जाहिरात लागली होती. एक गुबगुबीत मूल बिस्किट दुधात बुडवत होतं, आणि सगळी मंडळी जाहिरात संपायची वाट बघत त्याच्याकडे टक लावून बसली होती. मग धक्का आला. धक्क्यावर रुग्णवाहिका, मच्छीमारांच्या होड्यांतून उतरवलेली माणसं, कुणी चालत, कुणी उचलून आणलेली. बातमीदार पोरगी वाऱ्यात केस सावरत ओरडत होती. तिच्या मागं एक जण नारिंगी कांबळं पांघरून, पाठमोरा, दगडावर बसला होता.

"तो बघा!" आई ताडकन उठली. "ते खांदे बघा! साहेब! माझा साहेब!"

वकील टीव्हीपाशी धावला. थोरली उभी राहिली, तिच्या तोंडावर दोन्ही हात. शिंपीणबाई तर रडायलाच लागली. खांदे दोघा भावांचे सारखेच होते, बापाचे. धाकटीनंही ते खांदे बघितले. तिला मागून बघायची सवय होती, कुणाचे ते तिला कळलं. ती काही बोलायच्या आत कॅमेरा फिरला आणि तो माणूस खोकत खोकत वळला.

धाकटा होता.

धाकटीच्या तोंडून आवाज फुटला. हसणं की रडणं, तिला सांगता आलं नसतं.

आई तशीच उभी होती. टीव्हीपासून हातभर अंतरावर, मुलाचा चेहरा तिच्या चेहऱ्याएवढा. तिनं मान हलवली, जणू कुणी चुकीचं पार्सल दिलं होतं.

"हा?" ती म्हणाली. मग वर बघून, स्पष्ट, खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल असं: "एकच द्यायचा होता तर हाच दिलास?"

'असं बोलू नये' असं कुणी म्हणालं नाही. शिंपीणबाईनं नाक पुसलं आणि नजर दुसरीकडे वळवली. वकिलानं आवाज कमी केला. थोरली मात्र धाकटीकडे बघत होती.

"तू हसलीस," ती म्हणाली.

"नाही हो ताई, मी..."

"मी बघितलं. हसलीस."

धाकट्याचं ते चित्र मग सगळीकडे लागलं. भिजलेले केस कपाळाला चिकटलेले, डोळे कुणाला तरी शोधत असलेले, नारिंगी कांबळं. वकिलानं चॅनेल बदललं की तिथं तोच. पुन्हा बदललं, तिथंही तोच. "बंद करा तो!" आई ओरडली. "तोंड बघवत नाही." वकिलानं घाईघाईनं बुद्धिबळाची मॅच लावली. सगळा देश ज्या माणसाकडे बघत होता त्याच्या घरात दोन परदेशी माणसं शांतपणे घोडे आणि उंट सरकवत बसली होती.

"एकदा बघू द्या ना," धाकटी हळूच म्हणाली. "एकदाच. ते ठीक आहेत की नाही..."

"ठीकच दिसतायत की," वकील म्हणाला.

संध्याकाळच्या सुमारास तिचा फोन वाजला. अनोळखी नंबर. "अगं, मी आहे," धाकट्याचा आवाज बसला होता. "दादाचा फोन आला का घरी?" ती उत्तर देणार तोच आईनं फोन हिसकावला.

"साहेब कुठंय?"

"आई... आई, मी..."

"साहेब कुठंय विचारतेय मी!"

पलीकडे बराच वेळ नुसता वारा ऐकू आला. "दिसत नाहीये, आई."

"मग तू कांबळं घेऊन बसलास काय? शोध त्याला! आणल्याशिवाय येऊ नकोस."

तिनं फोन परत दिला तोवर तो बंद झाला होता.

धाकटा खरंच आला नाही. ओल्या कपड्यांनी तो धक्क्यावर फिरत राहिला, मग रुग्णालयांतून, मग एका शाळेच्या सभागृहात, जिथं चादरी ओढून ओळीनं माणसं ठेवली होती. प्रत्येक चादर उचलून बघत तो पुढं जायचा. मंगळवारी डॉक्टर सापडला. धाकटा त्याला घेऊन घरी आला तेव्हा इमारतीखाली गर्दी होती. सरकारनं शोक जाहीर केला होता, झेंडे अर्ध्यावर होते, आणि ज्या घरातला एक मेला नि एक टीव्हीवर आला ते घर सगळ्यांना बघायचं होतं.

अंत्यविधी झाले. माणसं पांगली. आईनं धाकट्याला समोर बसवलं. तोवर ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"सांग," ती म्हणाली. "शेवटी काय झालं?"

धाकट्यानं तिच्याकडे बघितलं. दोन दिवसांत बाई निम्मी झाली होती. तो खाली मान घालून म्हणाला, "लाइफ जॅकेट एकच होतं, आई. दादानं मला दिलं."

खोलीत वकील होता, शिंपीणबाई होती, थोरली होती. आईनं डोळे मिटून घेतले. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी सैल झालं.

"दिलं असणारच," ती म्हणाली. "असाच होता तो." मग डोळे उघडले. "आणि तू घेतलंस?"

धाकट्यानं इतका पुढचा विचार केला नव्हता.

खरं काय ते त्यानं मागच्या खोलीत धाकटीला सांगितलं. ती त्याचे समुद्राच्या पाण्यानं कडक झालेले कपडे भिजत घालत होती. बोट कलली तेव्हा बाकाखाली त्याला जॅकेट सापडलं होतं. बंद तुटका होता, त्यानं गाठ मारून अंगात घातलं. डॉक्टर धडपडत आला आणि म्हणाला, "काढ ते. दे मला." धाकटा म्हणाला, "दादा, दुसरं बघू ना." डॉक्टर म्हणाला, "अरे, तू गेलास तर कुणाचं काय अडणार आहे? माझ्यावर लोकांचे जीव अवलंबून आहेत." आणि गाठ सुटेना म्हणून ते त्याच्या डोक्यावरून ओढून काढलं, तसंच स्वतःच्या अंगात चढवलं. ओढताना धाकट्याचा कान फाटला होता. त्यावर पट्टी होती. पुढं पाणी आत आलं. धाकट्याच्या हाताला प्लास्टिकचं पिंप लागलं. डॉक्टर थोड्या अंतरावर दिसत होता. मग लाट आली. लाट गेल्यावर नुसतं जॅकेट तरंगत होतं.

धाकटीनं हातातले कपडे बादलीत सोडले. "आणि तुम्ही बाहेर जाऊन हे सांगितलंत?"

"आईला काहीतरी नको का उरायला?"

"आणि तुम्हाला?"

"मी आहे ना जिवंत," तो म्हणाला. त्याला ते खरंच पुरेसं वाटत होतं.

तिच्या जिभेवर आलं होतं, आई काय म्हणाली ते. तिनं गिळलं. पट्टी सोडून कान पुसला, पुन्हा बांधला.

आईनं जॅकेटची गोष्ट वकिलाला पुन्हा सांगितली, वकिलानं ओळखीच्या बातमीदाराला, आणि आठवड्याभरात ती देशभर झाली. मेलेल्यांच्या त्या गर्दीत लोकांना एक चेहरा हवाच होता. डॉक्टरचा फोटो, पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप. शेजारी कांबळ्यातला धाकटा. देणारा आणि घेणारा. रुग्णालयाच्या नव्या इमारतीला डॉक्टरचं नाव द्यायचं ठरलं. शाळांत मुलांना ही गोष्ट सांगायला लागले.

धाकट्याच्या दुकानावर लोक यायचे. पूर्वी किल्ली घेऊन यायचे, आता नुसते बघायला. एक म्हातारा बराच वेळ समोर उभा राहून म्हणाला, "भाऊ बुडताना दिसत होता का रे तुला?" एका बाईनं तयार झालेली किल्ली हातात घेतली नाही, "फळीवर ठेवा," म्हणाली. शिंपीणबाई जिन्यात धाकटीला म्हणाली, "मी असते ना, तर हात पुढं झाला नसता बाई." शेजारचा चष्मेवाला तेवढा रोज चहा पाठवायचा, पण तोसुद्धा स्वतः यायचा बंद झाला.

धाकटा किल्ल्या घासत बसायचा. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "हो. दादानं दिलं."

मग मोठ्या चॅनेलची माणसं घरी आली. आईची आणि धाकट्याची एकत्र मुलाखत. सोफा सरकवला, दिवे लावले, डॉक्टरचा फोटो दोघांच्या मधोमध येईल असा भिंतीवर टांगला. वकील इस्त्रीच्या कपड्यांत आला होता. शिंपीणबाईनं आपली दोन नातवंडंही आणली होती. त्या दुपारी जी मंडळी जमली होती तीच सगळी पुन्हा त्याच खोलीत बसली, फक्त आता टीव्ही बंद होता.

आई सुरेख बोलली. तिला कुठं थांबायचं ते समजत होतं. "एकानं दिलं, एकानं घेतलं," ती म्हणाली. "दोघंही माझेच. मी कुणाला बोल लावू?" असं म्हणून तिनं धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला. कॅमेरेवाल्यानं ते जवळून घेतलं. शिंपीणबाईला हुंदका आला.

मुलाखत घेणारी पुढं झुकली. "त्या क्षणी तुम्हाला काय वाटलं? भावाचा जीव आपण घेतोय, असं वाटलं का?"

धाकटी दारात उभी होती. तिनं नवऱ्याकडे बघितलं, डोळ्यांनी म्हणाली, आता तरी. धाकट्याचा खांदा आईच्या हाताखाली ताठ झाला होता, हात निसटू नये म्हणून.

"मी नको म्हणत होतो," तो म्हणाला. "पण दादा ऐकेचना."

मंडळी गेल्यावर तो मागच्या खोलीत आला तो जवळजवळ खूश होता. "बघितलंस? आईनं हात ठेवला." खाटेवर बसला, चप्पल काढली. "मी तिकडं होतो ना, थंडीनं दात वाजत होते, तेव्हा एकच डोक्यात होतं. घरी टीव्ही लागला असेल, आई बघत असेल. मला बघून पहिल्यांदा काय म्हणाली गं ती?"

या प्रश्नाचं उत्तर धाकटीनं कधीचं तयार ठेवलं होतं. 'रडल्या', एवढंच म्हणायचं होतं. पण तो खांद्यावरचा हात तिच्या डोळ्यांपुढून जाईना.

"म्हणाल्या, एकच द्यायचा होता तर हाच दिलास?"

तो हसला. "चल, काहीतरीच."

"सगळ्यांसमोर म्हणाल्या. वकिलांना विचारा. शिंपीणबाईंना विचारा. मग तुमचं तोंड बघवत नाही म्हणून चॅनेल बदलायला लावलं."

त्यानं कुणाला विचारलं नाही. अनवाणीच उठून बाहेर गेला. धाकटी मागोमाग गेली.

आई फोटोपुढं खुर्ची ओढून बसली होती. धाकट्यानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बाक, जॅकेट, गाठ, दादा काय म्हणाला ते, कान. आवाज चढवला नाही. कुलूप का अडतंय हे गिऱ्हाइकाला समजावून सांगावं तसं सांगितलं.

आईनं शेवटपर्यंत ऐकलं. खोटं बोलतोस, असं ती म्हणेल असं धाकटीला वाटत होतं. ती तसं म्हणाली नाही.

"बंद तुटका होता," आई म्हणाली. "तुला माहीत होतं."

"हो, पण मी गाठ..."

"कुलपं दुरुस्त करतोस ना रे तू? मग तुला माहीत होतं ते निसटणार. आणि तरी तू ते माझ्या साहेबाला घालू दिलंस."

धाकटा आईकडे बघत राहिला आणि त्याच्या चेहऱ्यावरून एक एक गोष्ट उतरत गेली, शेवटी काही उरलं नाही. "सामान बांध," तो धाकटीला म्हणाला.

बांधायला फारसं नव्हतं. ते जिना उतरत होते तेव्हा थोरली मागून आली. तिनं त्यांना पहिल्या मजल्याच्या वळणावर गाठलं. खालीवर बघून घेतलं, कुणी नव्हतं.

"मी ऐकलं सगळं," ती म्हणाली. "भावजी, तुम्ही खरं बोललात. ते तसेच होते. माझ्याइतकं कुणाला माहीत असणार?"

धाकटीनं थोरलीचा हात धरला. "मग ताई, सांगा ना तुम्ही. तुमचं ऐकतील सगळे."

थोरलीनं हात सोडवून घेतला. "वेडी आहेस का? मुलांना बापाचं नाव लागतं. इमारतीवर लागणार आहे." ती धाकट्याकडे वळली. "एवढे दिवस सांभाळलंत, तसंच सांभाळा. नाहीतर मी म्हणेन, मेलेल्या भावावर उलटलात. लोक कुणाचं खरं मानतील, तुम्हीच बघा." आणि मग, जरा मऊ आवाजात, "त्या दिवशी ही हसली ते मी विसरेन."

ती वर निघून गेली.

दोघं बाजारात दुकानाच्या वरच्या खोलीत राहायला गेली. खोलीत टीव्ही नव्हता. आईकडून निरोप आला नाही, तिकडं कुणी गेलंही नाही. इमारतीवर नाव लागलं त्या दिवशी धाकट्याला बोलावणं होतं. तो दुकान उघडून बसला.

तिथंही लोक यायचेच. एकदा एक तरुण बाई आपल्या मुलाला घेऊन आली. मुलगा शाळेतून गोष्ट ऐकून आला होता. कपाटाची किल्ली पुढं करत तिनं विचारलं, "ते तुम्हीच ना? त्यांनी खरंच दिलं होतं जॅकेट?"

धाकटी मागं बसून पितळेचा भुसा झाडत होती. तिचा हात थांबला. तिला वाटलं, आता तर घर सुटलं, आई सुटली, आता कुणाची भीड आहे?

धाकट्यानं किल्ली यंत्रात अडकवली.

"हो," तो म्हणाला. "दादानं दिलं."

धाकटी उठली आणि बाहेर रस्त्यावर जाऊन उभी राहिली. यंत्राचा आवाज थांबेपर्यंत ती आत आली नाही.